भिंतीला खिळे मारू नयेत

लीव्ह अँड लायसन्सच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये तिसऱ्या-चौथ्या पानावर कुठेतरी हे कलम असतं. त्याच्या वर "जागेचा वापर फक्त राहण्यासाठी करावा" असतं आणि खाली कुत्र्या-मांजरांबद्दल काहीतरी असतं. मधे हे: भिंतींना खिळे मारू नयेत, भोकं पाडू नयेत. एजंट लॅपटॉप आणि ते अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो तेव्हा आपण भाडं, डिपॉझिट आणि ११ महिने एवढे तीनच आकडे बघतो. मग सामान लागतं, गॅस येतो, वायफाय येतं, आणि एखाद्या रविवारी खोक्याच्या तळाशी जुन्या पेपरात गुंडाळलेली फ्रेम निघते. तेव्हा ते कलम आठवतं.

मला आज या एका कलमाबद्दल बोलायचंय. माझं मत सरळ आहे. हे कलम अन्यायाचं तर आहेच, पण त्याहून जास्त ते बिनडोक आहे. ते काढायला लावावं, निदान बदलून घ्यावं. आणि आपल्या पिढीने ते इतक्या गुपचूप कसं मान्य केलं याचं मला जरा आश्चर्य वाटतं. आपण कंपनीत लीव्ह पॉलिसीच्या एका ओळीवर तीस-तीस मेलचा थ्रेड चालवणारी माणसं!

आधी घरमालकाची बाजू, कारण ती खोटी नाही. हातोडा धरता न येणारी मंडळी पुष्कळ आहेत. अडीच इंची खिळा, समोर काँक्रीट, तरी हाणतायत. खिळा वाकतो, रुपयाएवढा गिलावा निघतो, मग तिथून दोन इंचावर परत प्रयत्न. चार बॅचलर एका फ्लॅटमध्ये दोन वर्षं राहून गेले की भिंतीची चाळण होते हे मी डोळ्यांनी बघितलंय. ज्याने वीस वर्षांचं कर्ज काढून तो फ्लॅट घेतलाय, त्याच्या पोटात कालवाकालव होणारच. मान्य.

पण आता हिशोब बघा. घर सोडताना पेंटिंगचे पैसे डिपॉझिटमधून कापले जातात. बऱ्याच ठिकाणी तर हे आधीच ठरलेलं असतं, भिंत कशीही असो. म्हणजे तुम्ही एकही खिळा मारला नाहीत, भिंतीला टेकूनसुद्धा बसला नाहीत, तरी रंगाचे पैसे तुमचेच. आणि रंगारी रंग देण्याआधी काय करतो? पुट्टी भरतो आणि घासतो. तुमच्या सहा खिळ्यांची भोकं त्यात पाच मिनिटांत जातात. मग ज्या दुरुस्तीचे पैसे मी देणारच आहे, ती दुरुस्ती करावी लागेल असं वागायचं नाही, हा कुठला न्याय? एकतर खिळ्याला बंदी घाला आणि पेंटिंगचे पैसे सोडा, किंवा पेंटिंगचे पैसे घ्या आणि खिळ्याचं नाव काढू नका. दोन्ही एकदम कसं चालेल?

केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा म्हणून एक मसुदा राज्यांपुढे ठेवला. राज्याने स्वीकारला तरच तो लागू होतो, त्यामुळे त्याच्या जोरावर घरमालकाशी भांडायला जाऊ नका. पण त्यात काय लिहिलंय ते बघण्यासारखं आहे. भाडेकरूने जागा जशी घेतली तशी ठेवावी, नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून. आणि भिंतींच्या सफेदीचं काम घरमालकाच्या यादीत टाकलंय. आता फोटो टांगणं हा भिंतीचा नेहमीचा वापर नाही तर मग भिंतीचा नेहमीचा वापर काय? टेकायचं?

असो. पैशाचा मुद्दा मला तितका टोचत नाही. टोचतं ते पुढचं.

माझ्या ओळखीतले सत्तावीस ते बत्तीस वयाचे लोक बघतो. पगार चांगले. टीव्ही ५५ इंची, कॉफीचं मशीन आहे, खुर्ची तर अशी की माझ्या वडिलांना वाटलं दातांच्या डॉक्टरकडून आणली. आणि भिंती? कोऱ्या. पांढऱ्याफटक. फार तर आधीच्या भाडेकरूने सोडलेला एक हुक, त्यावर हेल्मेट. चार-चार वर्षं एकाच घरात राहणारी माणसं आहेत ही. विचारलं तर म्हणतात, "स्वतःचा फ्लॅट झाला की मस्त वॉल करायचीय." तोपर्यंत काय? पुण्यात सध्या जे भाव चाललेत ते बघता हे "तोपर्यंत" चाळिशीपर्यंत सहज जाईल. म्हणजे ज्या वयात माणूस मित्र जोडतो, लग्न करतो, पोरं होतात, ते सगळं वय एका कोऱ्या भिंतीसमोर काढायचं, कारण पान क्रमांक तीन!

माझ्याकडे आजोबांचा फोटो होता. ते एसटीत होते, खाकी गणवेशातला ब्लॅक अँड व्हाईट फोटो, काळ्या लाकडी फ्रेममधला. गावचं घर आवरताना आईने तो माझ्याकडे दिला, "तुझ्याकडे राहू दे" म्हणून. तेव्हाच्या घरमालकांना मी रीतसर फोन करून एका खिळ्याची परवानगी मागितली. ते म्हणाले, "अहो, फोटो काय, टेबलावर पण ठेवता येतो की." तर आजोबा आठ महिने फ्रिजवर होते. एका बाजूला स्टॅबिलायझर, दुसऱ्या बाजूला ब्रेडचा पुडा. आई दिवाळीला आली तेव्हा काही बोलली नाही. फक्त जाता येता ती ब्रेडचा पुडा उचलून ओट्यावर ठेवायची, आणि मी परत तिथेच ठेवायचो, सवयीने. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "इथे धूर लागतो रे त्यांना." बास, एवढंच.

नवीन घर बघताना मी एजंटला पहिला प्रश्न पार्किंगचा नाही, खिळ्याचा विचारला. त्याला वाटलं मी गंमत करतोय.

गंमत म्हणजे आपल्या जुन्या घरांत हा प्रश्नच नव्हता. भिंत बांधतानाच तिच्यात खुंट्या बसवलेल्या असायच्या. कोनाडे, देवळ्या, फडताळं, सगळं भिंतीच्या पोटात. म्हणजे बांधणाऱ्याने गृहीतच धरलेलं की इथे माणूस राहणार आहे आणि त्याला काही ना काही टांगायचं आहे, ठेवायचं आहे. इंग्रजांच्या बंगल्यांमध्ये छताखाली भिंतभर एक लाकडी पट्टी असायची. तिच्यावर हुक अडकवायचे आणि तिथून दोरीने चित्रं खाली सोडायची. चित्र बदला, सरकवा, काढा, भिंतीला धक्का नाही. आजही अ‍ॅल्युमिनियमची तशी पट्टी आणि बारीक तारा मिळतात. फ्लॅट भाड्याने द्यायचाय म्हणून लाखभर रुपयांचं मॉड्युलर किचन बसवणाऱ्या घरमालकाने हॉलमध्ये दहा फुटांची अशी एक पट्टी बसवली तर? एकदाच स्क्रू, मग भाडेकरू कितीही बदलोत. मी तर अशा घराला महिन्याला पाचशे रुपये जास्त देईन. खरंच देईन.

आणि भिंतीवर चित्र ही काही फक्त श्रीमंतांची हौस नव्हती. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि मंडळींनी १८७८ मध्ये चित्रशाळा काढली. तिथे देवादिकांची आणि इतिहासातल्या माणसांची रंगीत चित्रं दगडावरून छापली जायची. मग राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू केला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. एरवी ज्या घरात तैलचित्र कधीच आलं नसतं, त्या घरात लक्ष्मी-सरस्वती काचेच्या फ्रेममध्ये आल्या. एका खोलीत सहा माणसं झोपणाऱ्या चाळीतसुद्धा भिंतीवर दोन-चार फ्रेमा असायच्याच, आणि त्यातली किती घरं स्वतःच्या मालकीची होती? पागडीची, भाड्याचीच तर होती. तिथे कुणी खिळ्याची परवानगी मागितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

त्या जुन्या फ्रेमा आठवतायत? पार वर, छताजवळ, आणि पुढे झुकलेल्या. लहानपणी मला वाटायचं आजोबा-पणजोबा आपल्याकडे वाकून बघतायत. पण त्यात डोकं होतं. घरात सगळे जमिनीवर बसायचे. बसलेल्या माणसाला वरची फ्रेम नीट दिसावी आणि समोरच्या दाराचा उजेड काचेवर चमकू नये म्हणून ती झुकवायची. कडी फ्रेमच्या मध्याजवळ लावली आणि दोरी लांब सोडली की फ्रेम आपोआप पुढे कलते. मागे तयार झालेल्या त्या तिरक्या खाचेत चिमण्या घरटं करायच्या, आणि घरातलं कुणीही ते काढायचं नाही. काड्या खाली पडायच्या, आजी झाडून घ्यायची. बास.

आता आपण सोफ्यावर बसतो, पण फ्रेम मात्र अजून तिथेच वर लावतो. याची कृपया दुरुस्ती करा. बऱ्याच आर्ट गॅलऱ्यांमध्ये चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ ते ६० इंचांवर ठेवतात, कारण तिथे लोक उभे राहून बघतात. घरी आपण बसून असतो. सोफ्यावर बसलेल्या माणसाचा डोळा ४५ इंचांच्या आसपास असतो. तेव्हा हॉलमधली फ्रेम गॅलरीपेक्षा थोडी खालीच हवी, वर तर अजिबात नको. आधी वर्तमानपत्राचा फ्रेमएवढा कागद कापून टेपने चिकटवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. येता-जाता नजर पडते का बघा. हे चिकटवायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता इंजिनियर आहे म्हटल्यावर थोडं टांगण्याबद्दल. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून द्या.

पहिली गोष्ट, भिंत ओळखा. विटांची भिंत असेल तर वर अर्धा इंच-पाऊण इंच गिलावा असतो. खिळा फक्त गिलाव्यात राहिला तर आज ना उद्या निघणार, तो विटेत गेला पाहिजे. नवीन टॉवरमध्ये बऱ्याचदा भिंतीच काँक्रीटच्या ओतलेल्या असतात. तिथे साधा खिळा म्हणजे स्वतःच्या बोटाचा घात. हॅमर ड्रिल, सहा एमएमचं बिट, गिट्टी आणि स्क्रू, दुसरा मार्ग नाही. आणि ते हलके राखाडी ब्लॉक असतात त्यांत उलटं, सगळं लोण्यासारखं आत जातं आणि तसंच बाहेर येतं, तिथे लांब गिट्टी लागते. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली कधीही ड्रिल करू नका, आतून वायर गेलेली असते. भोकाखाली एक उघडं पाकीट चिकटवा, भुकटी त्यात पडते. चिकटपट्ट्यांबद्दल मला विचारू नका. ऑइल पेंटवर त्या बऱ्या चालतात, पण भाड्याच्या घरातल्या स्वस्त डिस्टेंपरवर त्या रंगाला चिकटतात आणि रंग भिंतीला चिकटलेला नसतो. जुलैच्या एखाद्या रात्री दीड वाजता धाडकन आवाज येतो, आणि खिळ्याने गेला असता त्याच्या दहापट रंग जातो.

दुसरी गोष्ट, दोरी. तीन किलोची फ्रेम एका खिळ्यावर दोरीने टांगली, तर खिळ्यावर तीन किलोच येतात. पण दोरी जितकी ताणून सपाट बांधाल तितका तिच्यावरचा आणि फ्रेमच्या कड्यांवरचा ताण वाढतो. दोरी आडव्याशी ४५ अंशांत असेल तर प्रत्येक बाजूला सव्वादोन किलोच्याही आत ताण येतो. तीच १० अंशांत ताणली तर साडेआठच्या वर जातो! खिळा शाबूत असताना जुन्या फ्रेमा का पडतात, तर त्या बारीक कड्या लाकडातून उपटल्या जातात म्हणून. (पहिल्या वर्षाचं मेकॅनिक्स शेवटी उपयोगी पडलं, सरांना कळवायला हवं.) त्यापेक्षा दोन खिळे, दोन कड्या, दोरीच नको. फ्रेम तिरकीही होत नाही. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराची बटणं लावा म्हणजे फ्रेम आणि भिंतीत फट राहते. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती फट फार महत्त्वाची. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर जुना फोटो लावूच नका. आणि फोटो व काच यांच्यात जाड पुठ्ठ्याची चौकट घालायला फ्रेमवाल्याला सांगा, नाहीतर दोन पावसाळ्यांनी फोटो काचेला चिकटतो. मग सोडवताना चेहराच काचेबरोबर येतो.

सध्याचे घरमालक काका तयार झाले ते असे: अ‍ॅग्रीमेंटमध्ये "हॉलमध्ये जास्तीत जास्त आठ आणि बेडरूममध्ये चार भोकं, ड्रिलनेच, घर सोडताना भाडेकरूने पुट्टी भरून द्यायची" असं लिहून घेतलं. एजंट म्हणाला असं कुणी लिहीत नाही. काका म्हणाले, लिही की, त्याला कुठे माडी बांधायचीय! एक किलो पुट्टीचं पाकीट शंभर रुपयांच्या आत येतं. तेव्हा घरमालक ऐकत नाहीत असं म्हणायच्या आधी आकडा घालून, लेखी विचारून बघा. "खिळे मारू का?" या प्रश्नाला "नाही"च उत्तर येतं. "सहा भोकं पाडतो आणि भरून देतो" याला बरेचदा "बघू" येतं.

तर आजोबा आता हॉलमध्ये आहेत. चाळीस-बेचाळीस इंचांवर, झुकवलेले नाहीत, सरळ.

राहिलेल्या भोकांचं काय करायचं यावरून मात्र घरात वाद चाललाय. कारण कायदा असो नसो, आपल्या भिंतीचं आपलंच एक कलम आहे: देव चालतात, थोर पुरुष चालतात, गेलेली माणसं चालतात, लग्नातली जोडी चालते. जिवंत माणसाचा एकट्याचा मोठा फोटो लावला की घरातली मोठी माणसं दचकतात. फ्रेममध्ये एकटं जायचं म्हणजे हारासकटच, असा काहीतरी हिशोब आहे. त्यामुळे जी माणसं आहेत ती सगळी फोनमध्ये, अकरा हजार फोटोंच्या खाली कुठेतरी, आणि भिंतीवर जागा मिळायला त्यांना आधी जावं लागतं. मला हे अजिबात पटत नाही. माणूस आहे तोवर त्याने स्वतः येऊन बघावं की आपण या घरात कुठे आहोत.

माझी आजी ८४ वर्षांची आहे, कराडला असते. गेल्या हिवाळ्यात ती अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत होती तेव्हा मी एक फोटो काढला होता. मांडीवर सूप, चष्मा नाकावर घसरलेला, कुणावर तरी डाफरतेय. तो हॉलमध्ये आजोबांच्या शेजारी लावायचा म्हटलं तर आई फोनवर गप्प झाली. मग म्हणाली, "लोक काय समजतील, फोटो बघून?" मी म्हटलं आजीलाच विचार. फोन आजीकडे गेला.

"अरे, अजून आहे मी," आजी म्हणाली.

म्हटलं, म्हणून तर लावतोय.

थोडा वेळ काहीच नाही. मग, "त्यांच्या डाव्या बाजूला लाव. आणि तो सूप धरलेला नको, त्यात पदर नीट नाही."

पदर नीट असलेला फोटो माझ्याकडे नाही. पुढच्या शनिवारी कराडला जाऊन काढायचाय. फ्रेमवाल्याला १२ बाय १५ चं माप सांगून ठेवलंय.